सोयाबीनचे सरकारी पैसे खात्यात यायचे असतील तर काय काय करावं लागतं (नव्याने शेती बघणाऱ्यांसाठी)

वडिलांच्या मागे शेती अंगावर आलेली, किंवा नोकरी पुण्याला आणि सोयाबीन लातूरकडं, किंवा सातबाऱ्यावर पहिल्यांदाच स्वतःचं नाव लागलेलं, अशा लोकांसाठी हे लिहितोय. सरकार सोयाबीनवाल्याला अधूनमधून पैसे देतं हे सगळ्यांना माहिती असतं, पण ते कुणाला येतात नि कुणाला येत नाहीत हे बहुतेकांना यादी लागल्यावर कळतं आणि तोवर हातात करण्यासारखं फार काही उरत नाही.

एकच उदाहरण घ्या. खरीप २०२३ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,६०० होता नि बाजारात भाव पडले, म्हणून राज्य सरकारने कापूस-सोयाबीनवाल्यांना अर्थसहाय्य द्यायचं ठरवलं, त्याचा शासन निर्णय निघाला जुलै २०२४ मध्ये आणि वाटप सुरू झालं ३० सप्टेंबर २०२४ ला. म्हणजे पेरणी जून २०२३ ची, पैसे सव्वा वर्षांनी. आणि यादी कशावरून बनली? २०२३ च्या पावसाळ्यात ज्यांनी ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी अ‍ॅपवर मोबाईलने आपल्या पिकाची नोंद, केली होती त्यावरून. तेव्हा अनुदान मिळणारंय असं कुणीच बोललं नव्हतं, ज्यांनी नोंद केली त्यांनी नुसतीच करून ठेवली होती. नंतर ओरड झाल्यावर ज्यांच्या सातबाऱ्यावर तलाठ्याकडची पिकाची नोंद होती त्यांनाही घेतलं, पण त्यांना हेलपाटे किती पडले ते आमच्या भागात सगळ्यांनी बघितलंय. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की योजना जाहीर व्हायची वाट बघू नका, नोंदी आधी करून ठेवा, योजना मागून येतात.

कुठले कुठले पैसे असतात ते आधी समजून घ्या

लोक सगळ्यालाच "अनुदान" म्हणतात त्यामुळं गोंधळ होतो. एक असतं वर सांगितलं तसं थेट अर्थसहाय्य. त्यात हिशोब असा होता की ०.२० हेक्टरच्या आत क्षेत्र असेल तर सरसकट १,००० रुपये, त्याच्यावर असेल तर हेक्टरी ५,००० आणि कमाल २ हेक्टरपर्यंत. म्हणजे ज्याचं सोयाबीन दीड एकर, ०.६० हेक्टर, त्याला ३,००० आणि ज्याचं साडेसात एकर त्यालाही १०,०००च. हे दरवर्षी नसतं, सरकारने ठरवलं तरच असतं.

दुसरं म्हणजे हमीभावाने खरेदी. हे खरं तर अनुदान नाही, माल विकून मिळणारे पैसे आहेत, पण बाजारभाव हमीभावाच्या खाली असतो तेव्हा मधला फरक हाच शेतकऱ्याला सगळ्यात मोठा सरकारी आधार असतो. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ ला ४,८९२ होता, २०२५-२६ ला ५,३२८ झाला. बाजारात ४,२०० मिळत असतील तर क्विंटलमागे अकराशेच्या वर फरक पडतो, आणि वीस क्विंटलवाल्याला हे बावीस हजार होतात, हेक्टरी ५,००० च्या अनुदानापेक्षा कितीतरी जास्त. तरीपण लोक अनुदानाच्या यादीमागं जेवढे पळतात तेवढे हमीभाव केंद्राच्या नोंदणीमागं पळत नाहीत, हे मला आजही पटत नाही.

तिसरं अतिवृष्टीची मदत, चौथं पीक विमा. ह्या दोन्हीचं खाली थोडक्यात सांगतो. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० हे वेगळे, त्यांचा तुम्ही सोयाबीन लावलं की ज्वारी ह्याच्याशी संबंध नाही.

आणि एक, मोबाईलवर भावांतरचे व्हिडिओ फिरतात ते मध्य प्रदेशचे असतात. तिथं २०२५ च्या हंगामात सोयाबीनला भावांतर होतं, शेतकऱ्याने मंडीत माल विकायचा आणि हमीभाव व सरासरीवरून काढलेला दर ह्यातला फरक सरकार खात्यात टाकणार असं. आपल्याकडं त्या हंगामात खरेदी केंद्रं होती, भावांतर नव्हतं. ते व्हिडिओ बघून आडतीत माल घालून मोकळे झालात नि फरकाची वाट बघत बसलात तर काहीच येणार नाही.

पायरी १ : सातबारा, आठ-अ (गावातल्या आपल्या सगळ्या जमिनीचा एकत्र उतारा), आधार आणि फार्मर आयडी

उन्हाळ्यातच हे करून घ्या, पेरणीच्या गडबडीत होत नाही. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन १५ रुपयात निघतो, तो काढा आणि नीट वाचा. नाव आधारवर जसं आहे तसं सातबाऱ्यावर आहे का बघा. आधारवर "बालाजी" आणि सातबाऱ्यावर "बाळासाहेब", किंवा बाईच्या बाबतीत माहेरचं नाव एकीकडं नि सासरचं दुसरीकडं, असल्या फरकाने माणूस अडकतो. एखादं अक्षर इकडं-तिकडं असेल तर बहुतेक वेळा चालून जातं, पूर्ण नावच वेगळं असेल तर चालत नाही.

वडील वारलेत नि सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे, ही तर गावोगावची गोष्ट आहे. मयत माणसाच्या खात्याला पैसे निघाले तरी कुणाच्या हातात पडत नाहीत. वारस नोंद लावून घ्या, २०२५ मध्ये सरकारने "जिवंत सातबारा" मोहीम ह्याच्यासाठीच काढली होती. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती, स्वयंघोषणापत्र घेऊन तलाठ्याकडं (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून तलाठीच म्हणतात) अर्ज करायचा. बहिणींची नावं आली की भांडण होईल ह्या भीतीने लोक वर्षानुवर्षं हे टाळतात. नावं लावा, ती कायद्याने लागणारच आहेत, आणि सामाईक खात्याचे पैसे कुणाच्या नावावर घ्यायचे त्याचं नाहरकत पत्र सगळ्यांच्या सहीने देता येतं. २०२३ च्या अनुदानातही सामाईक खातेदारांकडून तेच मागितलं होतं.

मग फार्मर आयडी. अ‍ॅग्रिस्टॅकमधला (सरकारची शेतकऱ्यांची डिजिटल नोंदवही) हा शेतकरी ओळख क्रमांक महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांना सक्तीचा झालाय. सीएससी सेंटरवर (गावातलं सरकारी सेवा केंद्र) आधार, आधारला जोडलेला मोबाईल नंबर आणि सातबारा नेला की होतो. तिथं एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा, तुमचे सगळे गट नंबर त्यात जोडले गेलेत का. दोन गावात जमीन असेल तर सेंटरवाला गडबडीत एकाच गावचे गट जोडतो, आणि दुसऱ्या गावचं सोयाबीन सरकारच्या लेखी तुमचं राहत नाही.

पायरी २ : बँक

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सरकारी अनुदान आता आधारवरून येतं, खाते नंबरवरून नाही. म्हणजे तुम्ही फॉर्मवर कुठलाही खाते नंबर लिहा, पैसे जाणार ते एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाईन व्यवहार सांभाळणारी संस्था) नोंदीत तुमच्या आधारला जे खातं जोडलंय त्यात. बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स दिली म्हणजे हे झालं असं समजू नका, ती केवायसी झाली. डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीडिंग, म्हणजे आधार खात्याला जोडणं, वेगळं असतं, त्याचा वेगळा फॉर्म भरून द्यायचा. आणि आधार एका वेळी एकाच बँकेला सीड होतं, जिथं सगळ्यात शेवटी केलं तिथं. गावात कुणी पोस्ट बँकेचं खातं उघडून देतं, कुणी मोबाईलवरून एखादं खातं काढून देतं, आणि तिथं नकळत एक टिक मारलेली असते, की सीडिंग तिकडं सरकलं. माणूस जिल्हा बँकेत पासबुक भरून भरून थकतो आणि पैसे भलत्याच खात्यात पडलेले असतात.

तपासायला सोपं आहे. आधारच्या वेबसाईटवर ओटीपीने लॉगिन करा, बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे ते बघा, बँकेचं नाव आणि चालू आहे की बंद ते तिथं दिसतं. दर खरिपाच्या आधी एकदा बघायचंच, घरातल्या सगळ्या खातेदारांचं बघायचं, आईचं सुद्धा.

हमीभाव खरेदीचे पैसे मोठे असतात, तिथं अजून एक अडचण येते. जनधनमधलं बिनकेवायसीचं छोटं खातं असेल तर त्यात वर्षाला १ लाखाच्या वर रक्कम जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक ५०,००० च्या वर ठेवता येत नाही. आता २० क्विंटल गुणिले ५,३२८ करून बघा, १,०६,५६० होतात. पैसे परत जातात, मग महिनोन्‌महिने पाठपुरावा. बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करून खातं साध्या बचत खात्यात बदलून घ्या, एका दिवसाचं काम आहे.

कर्ज थकलंय म्हणून बँकेने खात्याला होल्ड लावला असेल तर मॅनेजरला लेखी विचारा. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीतून कर्जवसुली करू नये असे आदेश शासन निर्णयातच असतात, त्याची प्रत घेऊन गेलात तर बोलणं बदलतं.

पायरी ३ : ई-पीक पाहणी, हीच खरी पायरी

बाकीचं पुढंमागं झालं तरी दुरुस्त होतं, ही चुकली की हंगाम गेला. ऑगस्टपासून साधारण सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शेतकऱ्याला स्वतः मोबाईलवरून नोंद करायला मुदत असते. मुदतवाढ बरेचदा मिळते, २०२५ ला ३० सप्टेंबरपर्यंत गेली होती, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका कारण शेवटच्या आठवड्यात सर्व्हर धड चालत नाही. शेतकऱ्याची मुदत संपली की गावात नेमलेला सहाय्यक उरलेल्या गटांची पाहणी करतो, पण तो बांधावर आला तेव्हा तुम्ही तिथं असालच असं नाही आणि त्याने पडीक लिहिलं तर पुढं तहसीलपर्यंत फेऱ्या.

कसं करायचं ते सांगतो. अ‍ॅप घरी वायफायवर अपडेट करा आणि खातेदार निवडून ठेवा. एकाच मोबाईलवरून घरातल्या सगळ्यांची, शेजाऱ्याचीही नोंद करता येते, त्यामुळं म्हाताऱ्या माणसाकडं साधा फोन आहे म्हणून अडत नाही. मग शेतात जा, खरोखर त्या गटात जा, कारण फोटो गटाच्या हद्दीत उभं राहूनच घ्यावा लागतो, लांब असाल तर अ‍ॅप अंतर दाखवतं. ढगाळ हवेत किंवा झाडाखाली जीपीएस भरकटतं, उघड्यावर पाच मिनिटं थांबायचं. पुण्यातून हे होत नाही, गावाकडं कुणाला तरी सांगून ठेवा नाहीतर गौरी-गणपतीला याल तेव्हा करा, तारखा बरोबर त्यातच बसतात. रेंज नसली तरी माहिती साठवता येते, मात्र रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायचं विसरू नका, कितीतरी नोंदी फोनमध्येच राहून जातात.

मराठवाड्यात सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतातच, तर तिथं काय टाकायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. निर्भेळ पीक म्हणून सगळं क्षेत्र सोयाबीन टाकलं तर जानेवारी-फेब्रुवारीत तूर हमीभावाने विकायला जाल तेव्हा सातबाऱ्यावर तूरच नाही म्हणून परत पाठवतील, आणि तुरीचा हमीभाव २०२५-२६ ला ८,००० होता, म्हणजे नुकसान छोटं नाही. मिश्र पीक निवडा, मुख्य पीक सोयाबीन, दुय्यम तूर, आणि क्षेत्र ओळींच्या प्रमाणात वाटून टाका. चार ओळी सोयाबीन नि एक तूर असेल तर १ हेक्टरमध्ये ०.८० आणि ०.२०. खोटं क्षेत्र वाढवून टाकू नका, विहीर, घर, पोटखराबा (लागवड न होणारी जमीन) सोडूनच टाका, कारण पुढं खरेदी केंद्रावर किती क्विंटल घ्यायचं ते तुमच्या नोंदवलेल्या क्षेत्राला जिल्ह्याच्या उत्पादकतेने गुणून ठरतं आणि विम्याशीही ते जुळवून बघतात.

चूक झाली तर ४८ तासांच्या आत अ‍ॅपमधूनच दुरुस्त करता येते. म्हणून नोंद केल्यावर त्याच रात्री परत उघडून बघा. थोड्या दिवसांनी गावाची पीक पाहणी यादी अ‍ॅपमध्ये दिसते, त्यात स्वतःचा गट शोधा नि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

पायरी ४ : हमीभाव केंद्र

नाफेड आणि एनसीसीएफ ह्या केंद्राच्या संस्था, त्यांच्या वतीने राज्यात पणन महासंघ, विदर्भात विदर्भ पणन महासंघ आणि काही शेतकरी कंपन्यांचे संघ खरेदी करतात, आणि तालुक्याला प्रत्यक्ष काटा लावतो तो खरेदी-विक्री संघ किंवा एखादी शेतकरी कंपनी. २०२५ ला नोंदणी ३० ऑक्टोबरला सुरू झाली आणि खरेदी १५ नोव्हेंबरला. सोयाबीन तर ऑक्टोबरातच घरात येतं, दिवाळी तोंडावर, हार्वेस्टरवाल्याचे नि मजुरीचे पैसे द्यायचे असतात, म्हणून निम्मं गाव त्याआधीच विकून बसतं. जमेल तेवढं करा, सगळं नाही तर निम्मं तरी मागं ठेवा.

नोंदणीला आधार, चालू हंगामाच्या पीकपेऱ्याचा सातबारा, पासबुक आणि मोबाईल लागतो, अंगठा लावायला खातेदाराने स्वतः जावं लागतं. मग मेसेज येतो त्या दिवशी माल न्यायचा. मेसेजशिवाय ट्रॅक्टर भरून नेऊ नका, भाड्यावर भाडं चढतं.

केंद्रावर पहिल्यांदा नमुना काढतात. चार-पाच कट्ट्यात बांबू घालून मूठभर दाणे काढायचे, मॉइश्चर मीटरमध्ये टाकायचे, नि आकडा येतो. १२ टक्क्यांच्या आत पाहिजे, माती-काडीकचरा २ टक्क्यांच्या आत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा १५ टक्के केली होती, पण ते दरवेळी होईल असं धरू नका. वाळवायचा हिशोब घरीच करा. १६ टक्के ओलाव्याचा १ क्विंटल माल १२ टक्क्यांवर आणला की साधारण साडेचार किलो वजन घटतं, म्हणजे हातात साडेपंच्याण्णव किलो राहतो. त्याचे ५,३२८ ने होतात ५,०८५ च्या आसपास. तोच ओला माल आडतीत ४,००० ला गेला असता. दोन-तीन दिवसांच्या उन्हासाठी ताडपत्री पसरायची नि दुपारी पायाने रास फिरवायची मेहनत आहे, पण क्विंटलला हजार रुपये दुसऱ्या कुठल्या कामात सुटत नाहीत. नेण्याआधी गावातल्या आडत्याकडं किंवा गोदामात मीटर असतं तिथं एकदा बघून घ्या. दाताखाली फोडून कट्ट आवाज आला म्हणजे वाळला हा जुना अंदाज बरा आहे, पण केंद्रावर मीटरचाच आकडा चालतो.

पास झालं की चाळणी, मग बारदाण्यात (पोत्यात) भरून काटा. बारदाना संपला म्हणून खरेदी बंद, हे २०२४ च्या हंगामात अनेक केंद्रांवर झालं, त्यामुळं निघायच्या आदल्या दिवशी फोन करून बारदाना आहे का विचाराच. काट्याची पावती हातात घेतल्याशिवाय हलू नका. पैसे लगेच येत नाहीत, माल वखारीत पोचून तिथली पावती निघाली की मग खात्यात येतात. माल नाकारला तर कारण लेखी मागा, किती टक्के आलं ते लिहून घ्या, वाळवून परत आणायची तारीख घ्या.

आणि कळकळीने सांगतो, आपला सातबारा नि अंगठा कुठल्याही व्यापाऱ्याला देऊ नका. तो तुमच्याकडून ४,००० ने माल घेतो, तुमच्याच नावावर केंद्रावर ५,३२८ ने घालतो, तुमचा कोटा संपतो, आणि चौकशी लागली तर कागद तुमचा असतो. क्विंटलला शंभर-दोनशे देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागून ज्याचा खरा माल घरात पडलाय त्याची जागा जाते.

अतिवृष्टी आणि विमा

महसूल मंडळात (तालुक्यातला काही गावांचा गट) २४ तासात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर मदत बसते. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० हा आपत्ती निधीचा दर, २०२५ च्या पुरानंतर राज्याने ३ हेक्टरपर्यंत दिला आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर केले. पंचनाम्याला स्वतः शेतात हजर राहा, पाणी साचलेलं असतानाचे फोटो काढून ठेवा. फार्मर आयडी नसेल तर यादीत तुमच्या नावापुढं विशिष्ट क्रमांक येतो, तो घेऊन सेवा केंद्रावर केवायसी करावी लागते.

१ रुपयातला विमा खरीप २०२५ पासून बंद झाला, आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के हप्ता आपण भरायचा, बाकीचा केंद्र-राज्य भरतं. भरपाई ठरवताना पीक कापणी प्रयोग (ठरलेल्या शेतातलं थोडं पीक कापून उत्पादन मोजणं) धरतात, म्हणून आपल्या मंडळात प्रयोग कुठल्या शेतात नि कधी आहे ते कृषी सहायकाला विचारून तिथं जाऊन उभं राहा, ते उघड्यावरच होतं.

बटईने करत असाल तर

हे पैसे बहुतेक वेळा सातबारा ज्याच्या नावावर त्याला जातात. राबतो एक आणि मदत घेतो दुसरा, असं दरवर्षी होतं आणि ते अन्यायाचं आहे, पण आजची पद्धत अशीच आहे. म्हणून गुढीपाडव्याला बोलणी करताना सरळ विषय काढा, की दादा, बी-खत निम्मं निम्मं तसं सरकारी मदत आली तर तीही निम्मी निम्मी, आणि हमीभावाला माल तुमच्या नावावर घालायचा नि माझ्या वाट्याचे पैसे जमा झाल्या दिवशी द्यायचे. साध्या कागदावर दोघांच्या सह्या घेऊन ठेवा. पीक पाहणी करायची जबाबदारी कुणाची तेही त्यातच लिहा, कारण मालक शहरात नि बटईदार म्हणतो माझ्या नावावर थोडंच आहे, आणि शेत कोरं राहतं.

नाव आलं नाही किंवा पैसे आले नाहीत तर

पहिलं, यादी तलाठ्याकडं किंवा कृषी सहायकाकडं असते, तिथं नाव आहे का बघा. नाव आहे आणि पैसे नाहीत तर दोष बहुतेक वेळा बँकेकडचा असतो, सीडिंग बघा. नावच नाही तर पीक पाहणीचा स्क्रीनशॉट, सातबारा, आधार जोडून तहसीलला किंवा तालुका कृषी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का नि तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं कुठंच राहत नाही. पंधरा-वीस दिवसात काही हललं नाही तर तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, तिथं तीच पोच घेऊन जा, आणि तिथंही नाही झालं तर पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयातला असतो. एकट्याने जाण्यापेक्षा गावातली अशी सगळी नावं एका अर्जावर घ्या, गट नंबरसकट, एकाच गावची वीस नावं एकदम दिसली की चूक गावच्या डेटात आहे हे अधिकाऱ्याच्याही लगेच लक्षात येतं आणि दुरुस्ती एकत्र होते.